बाहेरची कडी

बारामतीच्या कॉलेजात आमच्या वर्गाला दोन दारं होती. पुढचं सरांचं, मागचं आमचं. मागच्या दाराला लागून असलेल्या बाकावर मी बसायचे, आणि तिथून कुणी मला उठवायला आलं की भांडायचे. पोरी म्हणायच्या, हिच्या बापानं बाक विकत घेतलाय. म्हणोत. उघडं दार दिसलं नाही की माझ्या छातीत दाटून यायचं आणि फळ्यावरचं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

अर्थशास्त्राचे सर शिस्तीचे. हजेरी झाली की दोन्ही दारं लावून घ्यायचे, उशिरा येणाऱ्यांना धडा म्हणून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागचं दार ओढलं आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. मी उठून पळणार, तेवढ्यात पलीकडच्या बाकावरच्या मुलानं पायातली चप्पल काढली आणि बसल्या बसल्या पायानंच दाराच्या फटीत सरकवली. दार लागलं नाही. सर पुढे निघून गेले होते. तो मुलगा माझ्याकडे न बघता लिहीत राहिला, एक पाय अनवाणी. त्यानं ते माझ्यासाठी केलं नव्हतं. त्याला स्वतःलाच ते दार उघडं लागायचं, पण ते मला नंतर कळलं.

आधी माझं सांगते. लॉकडाऊनमध्ये, मला अठरावं नुकतंच सरलं होतं तेव्हा, माझं लग्न लावून दिलं. अंगणात, मोजक्या माणसांत. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून लांबचं स्थळ, मोठा बंगला, दारात ट्रॅक्टर. बडा घर पोकळ वासा, हे आत गेल्यावर कळलं. नवरा हात उचलायचा. त्याचं मी इथं जास्त काही लिहिणार नाही. त्याला तेवढी जागा द्यायची माझी इच्छा नाही. पण सगळे शेतावर निघाले की सासू मला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची. पोरगी पळून गेली तर अब्रू जाईल, म्हणायची. कडी सरकल्याचा तो आवाज मारापेक्षा वाईट होता. मार संपतो. फोनवर मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, पदरी पडलं पवित्र झालं, होईल सवय.

शेवटी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मार्केटला टोमॅटो टाकून परत येताना ते न कळवता टेम्पो घेऊन तिकडे आले. घरात कुणी नव्हतं. त्यांनी हाक मारली, मी आतून ओ दिली. मग त्यांनी कडी काढली आणि "चल" एवढंच म्हणाले. मागे रिकाम्या क्रेटांचा खडखडाट ऐकत, टेम्पोच्या दाराची मूठ घट्ट धरून मी माहेरी आले. पुढे सोडचिठ्ठी झाली आणि तात्यांनी गावाचं काही न ऐकता मला बारामतीला शिकायला घातलं. वर्गात मी सगळ्यांत थोराड. तो चप्पलवाला मुलगाही तसाच, मधली काही वर्षं गेलेला.

त्याचं-माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच. तास चालू असताना तो सारखा दाराबाहेरच्या कडुनिंबाकडे बघायचा. पाला हलायला लागला की हळूच बाहेर जायचा आणि फोन लावायचा. एक दिवस मी कान दिला. "आई, कडी घातली का? नीट घाल. वारं पडंस्तोवर काढू नको."

माझं डोकंच फिरलं. तास संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "आईला कोंडून ठेवतोस व्हय रे? लाज वाटत न्हाय?"

तो चिडेल असं वाटलं होतं. तो पायरीवर बसला. "ती आतनं घालती कडी," म्हणाला. "वारं सुटलं की तिला उघड्या दारात बसवत न्हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारं त्यांचं घर. एका उन्हाळ्यात संध्याकाळी बापलेक जाळी टाकायला गेले आणि वळवाचं वारं सुटलं. होडी उलटली. त्याच्या हाताला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन लागला. वडिलांच्या हाताला काही लागलं नाही. आई दारात उभी राहून बघत होती. तेव्हापासून वारा आला की ती दार लावते, कडी घालते आणि कानांवर हात ठेवून बसते. आणि तो कुठंही असला तरी तिला फोन लावतो. पाण्यावर तो पुन्हा गेलेला नव्हता.

मी सॉरी म्हणाले नाही. मला येत नाही ते. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत मी माझी चप्पल घातली.

पुढे आमच्यात जे काही झालं त्याला प्रेम म्हणायला आम्ही दोघंही बरेच दिवस घाबरलो. बारामतीच्या स्टँडवर त्याची भिगवण गाडी आणि माझी इंदापूर गाडी वेगवेगळ्या फलाटांवर लागायची. जी आधी लागेल ती आम्ही सोडून द्यायचो. माशांचा वास जावा म्हणून तो शर्टाला अत्तर फासून यायचा. मी म्हणायचे, आता अत्तरात तळलेल्या चिलापीचा वास येतोय. तो हसायचा, पण दुसऱ्या दिवशी अत्तर कमी असायचं. हात धरायच्या आधी तो विचारायचा. सारखं काय विचारतोस म्हणून मी त्याच्यावर खेकसायचे, आणि त्यानं विचारलं नसतं तर मी हात काढून घेतला असता, हेही मला माहीत होतं.

शेवटच्या वर्षाला त्यानं लग्नाचं विचारलं. मी नाही म्हणाले. त्याच्यात खोट नव्हती. आमच्या जाती वेगळ्या, त्यावरून गावात काय काय बोललं जाईल हे मला ठाऊक होतं, पण कारण तेही नव्हतं. लग्न म्हणजे कुणाच्या तरी घरात जायचं, आणि त्या घराला बाहेरून कडी असणार. सगळ्याच घरांना असते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर ताकाच्या वाटेलाच जायला तयार नव्हते. हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एकदा घर तर बघ. जेव आन् जा."

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात गेले. पाण्यापासून जरा वर, पत्र्याचं घर, एकच खोली, पुढे ओटा. खाली काठावर त्यांची होडी पालथी घातलेली. त्याची आई बाजारात दुसऱ्यांचे मासे विकून नुकतीच परतली होती. तिनं पदराला हात पुसले. "ये बाई, बस. कालवण तयार हाय," म्हणाली. ती मला बघताक्षणी आवडली, आणि त्याचा मला रागच आला. आता नाही म्हणणं अवघड जाणार होतं.

जेवणं झाली आणि पलीकडच्या काठावर धुरळा उठला. डोक्यावरचा पत्रा वाजला. कुणी काही बोलायच्या आत तिनं धावत जाऊन दार लावलं, कडी घातली आणि भिंतीला टेकून कान झाकून बसली.

कडी आतून होती. ते मला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं. मी उभी राहिले, खाली बसले, परत उभी राहिले. श्वास पुरेना. तो दाराकडे एक पाऊल गेला आणि थांबला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दार उघडावं तर ती मरणार, न उघडावं तर मी. मी त्याचा चेहरा बघितला. वाटलं, बास झालं. दर वाऱ्याला याला ही शिक्षा नको. आपण या घरात येता कामा नये.

"काय हुतंय गं तुला?" आईनं विचारलं. कानांवरचे हात तिनं खाली घेतले होते.

माझं लग्न मोडलंय एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. काहीतरी खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मी म्हणाले, "मला कोंडून ठेवायची ती लोकं. बाहेरनं कडी लावून."

ती उठली आणि तिनं कडी काढली.

वारं धाडकन आत आलं. चुलीतली राख घरभर झाली, भांडी खाली आली. उघड्या दाराच्या फळीला पाठ लावून, पाण्याकडे तोंड करून ती उंबऱ्याजवळच बसली आणि मला हाताला धरून शेजारी ओढलं. "यिऊ दे," म्हणाली. "त्याला न्यायचं ते त्यानं नेलंय." समोर पाणी उसळत होतं आणि ती त्या पाण्याकडे बघत होती. तो पुढे येऊन ओट्यावर बसला, आम्हा दोघींना वाऱ्याचा आडोसा करून. मी रडले. मोठ्यानं रडले. पत्र्याच्या आवाजात लाजायचं कारण नव्हतं.

वारं पडल्यावर आम्ही दोघींनी राख झाडली. लग्नाचं कुणी बोललं नाही.

निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन पुन्हा गेले. तो निकालपत्र आणायला बारामतीलाच गेलेला. आई माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. तिनं दार नुसतं लोटून घेतलं. माझं लक्ष गेलं. बाहेरच्या बाजूला जिथं कडी-कोयंडा असतो तिथं स्क्रूची भोकं तेवढी होती, आणि कडीखाली राहिलेला जुना निळा रंग.

"कडी कुठं गेली?"

"काढून टाकली."

"आन् मग कुलूप कशाला लावणार?"

"कुलूप लावण्यागत काय हाय आमच्याकडं?" ती म्हणाली. "आतली हाय की. ती कवा घालायची, ते आपण दोघी बघू."

ज्यानं मला विचारलं होतं तो तिथं नव्हता. पण मला आता थांबवेना.

"आई, मी येते या घरात," मी म्हणाले. तिनं डोक्यावरची पाटी खाली उतरवून ठेवली.