सोबतीला गडी माणूस

समस्त केदारखेडावासीयांना, आणि विशेषतः माझ्या दोन्ही गुडघ्यांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या शाळेच्या वाघमारे बाई परवा निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत हार गळ्यात पडल्यावर त्यांनी जे भाषण केले ते एवढेच होते: "दमले मी."

लोक हळहळले. मी मात्र गालात हसलो. हे वाक्य मी बाईंच्या तोंडून त्यांच्या तरुणपणापासून ऐकत आलो होतो. सकाळी शाळेत पाऊल टाकतानाच त्या ते म्हणत, आणि ते खोटेही नसे. पहाटे हापशावरून पाणी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, घरभराच्या भाकरी, मग शाळेपर्यंतची पायपीट. डोळ्यांखाली काळे आणि आवाज विझत आलेल्या चुलीसारखा. तर अशा या बाई आमच्या खेळाच्या शिक्षिका! घंटा झाली की "दमले बाई" म्हणत पदर खोचायच्या आणि मुलींच्या पुढे पळत सुटायच्या. एखादी मुलगी मध्येच थांबली की मागे वळून विचारायच्या, "थांबलीस कशाला? दमलीच हायेस ना नुसती?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाईंनी ठरवले की नववीच्या मुलींना सायकलवरून पिंपळगाव रेणुकाईला न्यायचे, देवीचे दर्शन घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. मुली बापाच्या उंच सायकलीवर कैची मारत शिकलेल्या. गावात नुसती खळबळ! सुनंदा नावाच्या मुलीचे वडील दगडूबाप्पा म्हणजे सगळ्या पालकांचे तोंड. त्यांनी पारावरून हुकूम सोडला, "देवीला जायला ना न्हाई. पण पोरीसंगं गडी माणूस पाहिजे. त्यानं पोरी बराबर घरी आणल्या तर ठीक, न्हाई तर सायकली बंद. कायमच्या."

गडी माणूस म्हणून माझी निवड झाली. मी मराठी शिकवायचो, स्नेहसंमेलनात सेनापती व्हायचो आणि मिशी माझी स्वतःची होती. आणखी काय पाहिजे?

जाताना मी सगळ्यांच्या पुढे होतो. खड्या आवाजात पोवाडा गात होतो. बाई मागून म्हणाल्या, "सर, दम राखून ठेवा. येताना वारं समोरून हाय."

येताना भोकरदन मागे पडले आणि ते वारे छातीवर आले. रस्त्यावर खडी, डोक्यावर ऊन. मांड्या दगडासारख्या झाल्या. शेवटी एका बाभळीखाली सायकल लोटली आणि सेनापती आडवे झाले. "बाई, तुम्ही व्हा पुढं. मी मागून एसटीनं येतो."

"तुम्हाला सोडून गावात गेलो, तर या पोरी पुन्हा सायकलीला हात लावणार न्हाईत," बाई म्हणाल्या आणि माझ्याशेजारी मटकन बसल्या. ओठ सुकलेले, पायांवर धुळीचे थर. मी विचारले, "तुम्ही दमत नाही का हो?"

"रोजच दमते की. पण ते घरचं दमणं, सगळ्यांच्या वाटणीचं." त्या पदर खोचत उठल्या. "हे एवढंच माझं हाय, सर. उठा."

मी उठलो, पण पाय उठेनात. मग बाईंनी शेजारच्या शेतातून बैलाचे दावे मागून आणले. एक टोक त्यांच्या कॅरिअरला, दुसरे माझ्या हँडलला. पुढे बाई कण्हत पायडल मारताहेत, मागे मी, आणि दोन्ही बाजूंनी मुली माझ्या पाठीला हात लावून ढकलताहेत. "सर, झोपू नका ना!" सुनंदा सारखी ओरडत होती.

दिवस टेकला तेव्हा गाव दिसले. बाईंनी आपल्याकडची गाठ सोडली आणि मला पुढे केले. पारावर सगळे बाप वाट पाहत बसलेले. त्यांच्यासमोर मी रुबाबात ब्रेक दाबला. उतरायला मात्र पायच आले नाहीत. मी सायकलीसकट आडवा झालो. सुनंदाने मला बखोटीला धरून उभे केले.

दगडूबाप्पा सावकाश जवळ आले. माझ्या हँडलला लोंबणारे दावे त्यांनी हातात घेऊन पाहिले. मग बाईंच्या कॅरिअरकडे पाहिले. मुलींनी आपापल्या सायकली घट्ट धरल्या.

"बाप्पा, दावं मी बांधलं," बाई म्हणाल्या. त्यांना नीट उभेही राहवत नव्हते. "पोरींना काही बोलू नका."

बाप्पांनी मुलींकडे पाहिले. एकही बसलेली नव्हती. मग त्यांनी मला, मिशीपासून चपलेपर्यंत, न्याहाळले आणि सगळ्या पारासमोर त्यांच्या तोंडून निघून गेले, "बाई, पुढच्या बारीला तुम्ही अन् पोरीच जा. या बिचाऱ्याला कशापायी तरास देता?"