काकांना गुन्हा कबूल करता येईना

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्यापासून दोन घरं सोडून नवऱ्याच्या ऑफिसातला एक मराठी इंजिनियर राहायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याने साताऱ्याहून वडिलांना ग्रीन कार्डवर बोलावून घेतलं. काका हायस्कुलात बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेले, काकू आधीच गेलेल्या. मुलगा-सून कामावर गेले की ते पायीच फेऱ्या मारायचे आणि लोकांनी कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला काय काय टाकलंय ते पाहून हळहळायचे. चांगल्या खुर्च्या, चालू पंखे. "ही माणसं वेडी आहेत गं," मला सांगायचे.

मे महिन्यात त्यांना कचऱ्याच्या डब्यांशेजारी एक लाकडी होडी पालथी पडलेली दिसली. कनू म्हणतात तसली, निमुळती आणि हलकी. काकांनी ती डोक्यावर घेतली आणि भर सकाळी तीन गल्ल्या ओलांडून घरी आणली. बघणाऱ्याला नुसती होडी दिसत होती आणि तिच्याखाली पायजम्यातले दोन पाय. मग पाणी निचरायला हवं म्हणून त्यांनी तिच्या तळाला अकरा भोकं पाडली, माती भरली आणि मेथी पेरली.

होडी कुणी टाकलेली नव्हती. एका म्हाताऱ्या अमेरिकन सुताराने ती दोन हिवाळे खपून बनवली होती. रंगवायला म्हणून बाहेर काढून तो मध्येच आठ-दहा दिवस मुलीकडे गेला होता. परत आल्यावर त्याने पोलिसांना बोलावलं. त्यांना फार शोधावं लागलं नाही, कारण अर्ध्या वस्तीने होडी चालताना पाहिली होती. तोवर मेथी दोन बोटं वर आली होती.

होडीच्या किमतीमुळे ही चोरी किरकोळ राहिली नाही. ती फेलनी झाली, म्हणजे तुरुंगात धाडणारा गंभीर गुन्हा. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर, नुसत्या देखरेखीवर सुटाल. मुलाने काकांकडून वचन घेतलं. "बाबा, फक्त येस म्हणायचं. तिथे शिकवायचं नाही." काकांचं इंग्रजी पुस्तकी, म्हणून दुभाषी मी. याआधी मी फक्त सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलले होते.

"गुन्हा कबूल केलात तर ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा तुमचा हक्क जाईल. समजलं?" जज्जबाईंनी विचारलं.

काकांनी मान हलवली, आपण सगळेच हलवतो तशी. सगळं बोलणं टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. "नाही म्हणाले का?"

"हो म्हणाले," मी म्हटलं.

"मान आडवी हलली," सरकारी वकील म्हणाला.

जज्जबाईंनी सांगितलं, तोंडाने बोला. पुढचा हक्क गप्प राहण्याचा. "तो त्यांनी कधी वापरलाच नाही," मुलगा मागून पुटपुटला. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क? काका म्हणाले, त्यांना काय विचारायचं, त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. तुरुंगात असेपर्यंत मत देता येणार नाही? "मला इथे मतच नाही. नसलेला हक्क सोडायचा कसा?"

"आणि बंदूक बाळगता येणार नाही."

"म्हणजे आज येते?"

जज्जबाईंनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. "आज येते."

काका थक्क झाले. "अगं, विचार त्यांना, काल आलेल्या माणसाला इथे मत नाही आणि बंदूक चालते?" सगळं भाषांतर करीन अशी शपथ मी घेतली होती, म्हणून विचारलं. टाइप करणाऱ्या बाईंनी तेही टाइप केलं.

शेवटी जज्जबाई म्हणाल्या, "काय केलंत ते स्वतःच्या शब्दांत सांगा."

"टाकून दिलेली होडी उचलली."

"ती दुसऱ्याची आहे हे माहीत होतं?"

"माहीत असतं तर हात लावला असता का? मी शिक्षक आहे."

जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ही कबुली मला घेता येणार नाही."

काका घाबरले. थेट इंग्रजीत म्हणाले, "पण मी गुन्हेगार आहे! मुलाला शब्द दिलाय."

"तुम्ही चोरी केली नाही असं म्हणताय."

"केली नाहीच. तरी कबूल आहे."

हे तीनदा झालं. वकिलाने डोकं धरलं. जज्जबाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर व्हरांड्यात मी वकिलाने काकांसाठी भरलेला कबुलीचा फॉर्म पुन्हा वाचला. त्यात बंदूक होती, मत होतं, ग्रीन कार्डाबद्दल एक ओळ नव्हती. वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, "ते इमिग्रेशनवाल्यांचं काम. परत पाठवतीलही, मला माहीत नाही." मुलाने माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला. हो म्हणा, हो म्हणा असं महिनाभर तोच बापाला घोकवत होता.

"मी नीट हो म्हणालो असतो तर?" काकांनी विचारलं.

"कदाचित देशातून घालवलं असतं, काका."

"आणि हे कोणी सांगितलं नाही?"

"कोणी विचारलंच नाही."

ते बाकावर बसले. शेजारच्या बाकावर तो सुतार होता. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, हे आत म्हणाले ते खरं का, त्यांना खरंच वाटलं की मी ती फेकून दिली? मी हो म्हटलं. त्याने काकांकडे नीट पाहिलं. "इतकं वाईट काम झालं होतं का माझं?"

"छे!" काका उसळले. "इतकी सुंदर होडी फेकणारा माणूस कसला, हेच मी तिला घेऊन चालताना म्हणत होतो."

सुतार सरकारी वकिलाशी जाऊन बोलला. होडी मी डब्यांजवळच ठेवली होती, म्हणाला. आठवड्याभरात खटला मागे घेतला गेला, अट एवढीच की भोकं काकांनी बुजवायची. तो अख्खा उन्हाळा काका रोज सुताराच्या गॅरेजमध्ये जायचे. तो लाकडी खुंट्या घडवायला शिकवायचा, काका त्याला राज्यघटना. सुताराची स्वतःची. ती त्याने शाळेनंतर वाचली नव्हती.

कोर्टाने मात्र माझा नंबर लिहून ठेवला. पुढे कित्येक वर्षं फोन यायचे. तमिळ येतं का? पंजाबी? एकदा अल्बेनियन. मी दर वेळी नाही म्हणायची आणि तिकडून दर वेळी विचारायचे, "पण थोडं थोडं?"