युनिक्सचं प्रॅक्टिकल आणि मामांचा काळा कोट

मला कॉम्प्युटरच्या कमांडची भीती कधीच नव्हती. पाठीमागे माणूस उभा राहिला की माझी बोटं गारठायची, एवढंच काय ते दुखणं. पण त्या दुखण्यापायी मी युनिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये सपशेल आपटले होते. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले आणि मला स्वतःचं नावसुद्धा धड टाइप करता येईना.

लेक शाळेत जायला लागल्यावर मी लग्नात अर्धवट राहिलेलं बीसीए पुन्हा हाती घेतलं होतं. बाकीचे विषय निघाले, हा एकच मानगुटीवर बसला. त्यात पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार होता. म्हणजे यंदा नापास झाले की डिग्रीवर पाणी सोडायचं. "आता या वयात काय करायचीय डिग्री?" असं विचारायला नातेवाईक टपूनच बसले होते आणि मला त्यांना ते सुख द्यायचं नव्हतं.

नाशिक रोडच्या आमच्या घरात, दिराचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून मी सराव करायचे. युनिक्सचा कारभार म्हणजे काळा पडदा, ना चित्रं ना माउस, हवं ते टाइप करून मागायचं. चुकलं की लगेच खेकसणार. बरोबर आलं तर मात्र हूं नाही की चूं नाही, नुसता खालच्या ओळीवर ठिपका लुकलुकत राहणार. मला त्याचा असा राग यायचा! अरे, एवढं केलं माणसानं, निदान 'झालं बाई' तरी म्हण की.

एकदा दुपारच्या चहाला मी हे सगळं रडगाणं गायलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामा रेल्वेत टीसी होते. उभी हयात मनमाड ते इगतपुरी लोकांची तिकिटं बघण्यात गेली. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "मागं उभंच राहायचंय ना? मग मी जन्मभर दुसरं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तोच मागून कुणीतरी खाकरलं. वळून बघते तर मामा, आणि अंगात काळा कोट! मे महिना, अंगाची लाही लाही होतेय, आणि हे कोट चढवून उभे. डांबरगोळ्यांचा वास घरभर.

"अगं बाई!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडल्या. "माणूस रिटायर झाला, पण खोड काय जाईना."

"तू गप गं. तिला साहेबाचा धाक वाटायला पाहिजे."

धाक कसला, मला हसू आवरेना. मग मामांनी ठेवणीतला आवाज काढला, "कुठून बसलात? कुठं निघालात?" आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"पॅसेंजरला पहिलं हेच विचारायचं," ते म्हणाले. "बाकीचं नंतर."

मी सांगितलं, मामा, यातही तसंच असतं. आपण कुठल्या फोल्डरमध्ये बसलोय ते आधी माहीत पाहिजे. त्याची कमांड आहे, पीडब्ल्यूडी.

"पीडब्ल्यूडी? बांधकाम खातं इथंपण घुसलं?" मामा ठसका लागेपर्यंत हसले, पण ती एक कमांड त्यांनी पक्की धरून ठेवली. त्यात फाइल पुसायची कमांड दिली की फाइल कायमची जाते, परत मिळत नाही, हे कळल्यावर तर ते हादरलेच. "कायमची? मग आधी तिकीट दाखव!"

तेव्हापासून परीक्षेपर्यंत रोज हाच तमाशा. काहीही पुसायच्या आधी मागून आवाज, "कुठून बसलात?" मी पीडब्ल्यूडी टाकून दाखवायचे आणि वैतागायचे. "मामा, आत्ताच तर दाखवलं!"

"मधे गाडी बदलली असशील."

मी मेथी निवडत बसले तरी येऊन मागे उभे राहायचे, सवय व्हावी म्हणून. एकदा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण हे काही बोलत का नाही गं?"

"बरोबर असलं की बोलत नाही, मामा."

"अस्सं," म्हणाले आणि कोटाची बटणं सोडवत पंख्याखाली गेले.

परीक्षेचा दिवस उजाडला. प्रश्न सोपा होता: एक प्रोग्रॅम लिहायचा, मग वेगळं फोल्डर करून त्यात काही फाइली तयार करायच्या आणि शेवटी त्या पुसून दाखवायच्या. पुसण्यापर्यंत आले आणि परीक्षक माझ्या मागे येऊन थांबले. बोटं गार पडायला लागली. घाईघाईत, बसलोय त्या फोल्डरमधलं सगळं पुसायची कमांड टाइप केली, आता एंटर दाबणार, तोच डोक्यात खाकरल्याचा आवाज आला. कुठून बसलात?

ओळ खोडून आधी पीडब्ल्यूडी टाकलं. आणि बाई गं! मी त्या फोल्डरमध्ये नव्हतेच, बाहेरच बसले होते, जिथे माझा सगळा प्रोग्रॅम होता. एंटर दाबलं असतं तर वर्षभराची मेहनत गेली होती. फोल्डरमध्ये गेले, पुन्हा तपासलं, मग पुसलं. ठिपका लुकलुकला. परीक्षक जरा वेळ बघत राहिले आणि एक शब्द न बोलता पुढच्या मुलाकडे गेले.

तो न बोललेला शब्द माझ्या जिवाला लागला. रिक्षात रडकुंडीला आले होते. दारातच मामांनी विचारलं, "काय म्हणाला साहेब?"

"काहीच नाही म्हणाला, मामा. बघितलं आणि पुढं गेला."

"मग रडतेस कशाला?" मामा म्हणाले. "तिकीट बरोबर असलं की आम्ही तरी कुठं काय बोलायचो? पुढंच जायचो."

निकाल लागला तेव्हा मी मोबाईल घेऊन धावतच हॉलमध्ये गेले. मामांनी चष्मा लावला, विषयाचं नाव, गुण, खाली 'पास' लिहिलेलं, सगळं नीट वाचलं. मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि एक शब्द न बोलता गॅलरीकडे निघून गेले.

"अहो, पोरगी पास झाली! काहीतरी बोला की!" आत्या चिडल्या.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. म्हटलं, "राहू द्या, आत्या. बोलले ते."