दोघांनाही दिसलेला डाग

भूतखेत, करणी, बाहेरचं... असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी उठून जायचे. अजूनही जाते. त्यामुळे खालचं वाचून मला लिंबू-मिरची सुचवायला येऊ नका, डोकं आधीच फिरलेलं आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला, गारखेड्यात, डोळ्यांच्या एका सेंटरमध्ये काम करते. शुगरच्या पेशंटच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो आमच्याकडे येतात. रक्तवाहिन्यांची रुंदी मोजायची, कुठं रक्त झिरपलं असेल तर माउसनं त्याभोवती गोल काढायचा. एकच फोटो दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून मोजायचा, एकमेकांचं न बघता. पेशंटचं नाव झाकलेलं. शेवटी सर दोघांचं ताडून बघणार आणि निकाल देणार. माझे जोडीदार इम्रानभाई.

पिशोरच्या माझ्या आत्याचा उजवा डोळा शुगरनं आधीच गेलाय. डावा तरी वाचावा म्हणून तिथल्या कॅम्पला मीच तिला भांडून पाठवलं. "आत्या, फोटो आमच्याकडंच येतात. काही निघालं तर लगेच इंजेक्शन देता येतं," असं छातीठोक सांगितलं होतं.

कॅम्पचे फोटो आले त्या दुपारी एका डाव्या डोळ्यात, नजरेच्या ऐन मध्याला खेटून, मला रक्ताचा डाग दिसला. चिंचोक्यासारखा, एका बाजूनं चपटा. मी गोल काढला आणि पुढच्या फोटोकडे वळले. संध्याकाळी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं.

स्क्रीनवर दोन गोल. माझा हिरवा, इम्रानभाईंचा निळा, जवळजवळ एकावर एक. आणि आत... काहीच नाही! मी झूम केलं, ब्राइटनेस वाढवला, फाइल बंद करून परत उघडली. नाही म्हणजे नाही.

"अल्ला कसम, खून था उधर," इम्रानभाई म्हणाले. "मैं भी वहींच गोल किया ना!"

"साटंलोटं करून मोजता काय दोघं?" सर खेकसले. "चूक एवढी जुळते कशी?"

"म्हणूनच म्हणते सर, पेशंटला परत बोलवा. अजून एक फोटो काढू, एवढंच."

"नसलेल्या रक्तासाठी? लोक हसतील मला."

त्यांनी दोन्ही गोल पुसले आणि नॉर्मल म्हणून रिपोर्ट सोडला. मी भांड भांड भांडले, आवाज पार रिसेप्शनपर्यंत गेला. पालथ्या घड्यावर पाणी!

त्याच आठवड्यात आत्याचा फोन. "नॉर्मल हाय म्हनं माझा डोळा!" मी खूश. ढीगभर फोटोंतला तो एक तिचाच असेल, हे मनातही आलं नाही.

पुढं एका सकाळी आतेभाऊ तिला हाताला धरून घेऊन आला. "समोरच्याचं त्वांडच दिसंना गं. कडंकडंनंच दिसतंय."

फोटो काढला. तोच डाग. तसाच चपटा. इम्रानभाईंनी कॅम्पचा तो फोटो शोधला, नाव उघडलं... आत्याचंच! सरांनी गोल पुसले तरी मापं आमच्या नोंदींत होती; ती घालून नव्या फोटोवर ते गोल परत काढले. रक्त दोन्ही गोलांत बरोब्बर बसलं.

सर म्हणाले, योगायोग. योगायोग?! न झालेल्या रक्ताचा आकार दोन खोल्यांतल्या दोन माणसांना कळतो, हा योगायोग? अहो, तुमच्याकडे एक जास्तीचा फोटोच तर मागितला होता!

मला याचा उलगडा आजही होत नाही. इम्रानभाई म्हणतात, कुणीतरी दाखवलं. असेल, तर त्या 'कुणीतरी'चा मला सरांपेक्षा जास्त संताप येतो. दाखवायचंच होतं तर सर बघेपर्यंत ठेवायचं ना! नाहीतर नाव तरी दाखवायचं. मी त्याच दिवशी पिशोरला जाऊन तिला ओढत आणली असती. असले अर्धवट उपकार काय चाटायचेत?

इंजेक्शनं चालू आहेत. मधलं दिसायला लागेल, असं कुणी सांगत नाही. परवा आत्यानं माझा चेहरा हातानं चाचपला आणि विचारलं, "कॅम्पातला माझा फोटू कुणी बघितला व्हता गं?"

"मीच, आत्या."

"मंग तुला बी दिसलं नाय व्हय?"

दिसलं होतं. पण हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?