गुणाजी बत्तीवाले आणि सातवा रकाना

गुणाजी धाकू परब यांनी एकतीस वर्षे कल्याणच्या रेल्वे यार्डात दिव्यांची नोकरी केली. सिग्नलांचे दिवे उतरवायचे, काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, तेल भरायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी शिडी चढून प्रत्येक दिवा जागच्या जागी बसवायचा, हे त्यांचे काम. आपल्या हातचा एकही दिवा कधी विझला नाही, असे ते सांगत. मी ते पडताळून पाहिलेले नाही. म्हणून ते विधान त्यांच्याच नावावर नोंदवतो. १९५३ साली ते निवृत्त झाले. मी त्यापूर्वी चार वर्षे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो होतो.

आमची ओळख माझ्या गळक्या कंदिलामुळे झाली. वालधुनीच्या फाटकाजवळ एका लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची पडकी शेड होती. तिथे एक म्हातारा तेलाच्या रिकाम्या डब्यांपासून बादल्या, चाळण्या, दिवे बनवतो आणि गळकी भांडी डाख देऊन सांधतो, असे कळल्यावरून मी तिथे गेलो. आत अकरा मुले पत्रा कापीत, ठोकीत, घाशीत बसली होती. शहाण्या वस्तीतील माणूस ज्यांना पाहून खिसा चाचपतो, तशी मुले. मीही चाचपला.

गुणाजी हसले. म्हणाले, "राहू द्या, भाऊसाहेब. इथं खिसा कापत नाय कोण, पत्रा कापतात."

ही मुले त्यांनी कुठून जमवली, ते त्यांनीच पुढे सांगितले. सिग्नलच्या शिडीवरून त्यांना सगळे यार्ड दिसे. मालगाडीच्या वाघिणीवर चढून कोळसा खाली लोटणारी मुले कोण, तो पोत्यात भरणारी कोण, हे त्यांना चेहऱ्यानिशी ठाऊक होते. दारूबंदी आल्यापासून त्यांतलीच काही आंबिवलीकडून नदीकाठाने दारू आणू लागली होती. फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून, सदऱ्याखाली बांधून. "वरून नुसतं बघत होतो एकतीस वर्षं," गुणाजी म्हणाले. "म्हटलं, रिटायर झालो, आता खाली उतरून एकेकाचा हात धरावा."

शेडच्या दारात एक फळी होती आणि तिला अकरा खिळे. रेल्वेच्या कारखान्यात कामगार सकाळी आपला पितळी बिल्ला फळीवर लावतो, संध्याकाळी काढून देतो, तीच पद्धत गुणाजींनी पत्र्याचे बिल्ले कापून चालू केली होती. बिल्ल्यावर नुसता आकडा. नाव नाही, बापाचे नाव नाही, मागचे काही नाही. बिल्ला खिळ्यावर असेल तर मुलगा कामावर आहे, एवढेच फळी सांगत असे. मला ती व्यवस्था फार आवडली. हजेरीपट मात्र हवाच, असे सांगून तो मी आखून दिला, आणि त्याच दिवसापासून त्या शेडचा बिनपगारी चिटणीस झालो.

मुलांची तोंडे पत्र्यापेक्षा धारदार होती. नऊ नंबरचा रतन हा तेरा वर्षांचा, गोदूबाईचा मुलगा. गोदूबाई लोको शेडबाहेरच्या राखेतून अर्धवट जळलेले कोळसे वेचून विकत असे. रतनने पहिली बादली केली तेव्हा दोन नंबरच्या उत्तमने ती नळाखाली धरली आणि ओरडला, "ए, बघा रे! ह्याने बादली नाय बनवली, चाळण बनवली! रतन, तुझ्या लग्नात हिच्यातून पीठ चाळू!"

"तुझ्या डोक्यात भुसा आहे तो आधी चाळ," रतन म्हणाला, आणि जागेवर बसून त्याने तळ पुन्हा सांधला. तिसऱ्या खेपेला पाणी थांबले.

एकदा शहाडकडचा एक शेठ आला. पांढरे धोतर, तोंडात पान. त्याला शंभर चपटे डबे हवे होते.

"चपटे म्हणजे?" गुणाजींनी विचारले.

"पोटाला बसतील असे. ब्लॅडर फुटतात. पोरं तुझ्याकडचीच दिलीस तरी चालतील, त्यांचं वेगळं देईन."

"माझ्या पोरांची पोटं आधीच पाठीला लागलीत, शेठ. वर डबा बांधला तर पोर दिसायचं नाय, नुसता डबा चालताना दिसेल. या तुम्ही."

शेठ गेला. पण जाताना वखारवाल्याशी बराच वेळ बोलत उभा होता, आणि आठवड्याने वखारवाल्याने निरोप धाडला, की मार्चअखेर शेड रिकामी हवी. दुसरी जागा भाड्याने घेण्याची गुणाजींची ऐपत नव्हती. शेड गेली की अकरा मुले पुन्हा यार्डात आणि नदीकाठी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सुदैवाने, असे मला तेव्हा वाटले, सरकारने एक योजना जाहीर केली होती. मुलांना वाममार्गापासून परावृत्त करणाऱ्या स्थानिक संस्थांना जागेसाठी व साधनांसाठी साहाय्य. मी संस्थेची घटना लिहिली, नियमावली केली, अर्ज तीन प्रतींत तयार केला. त्यात सातवा रकाना होता: 'न्यायालयीन आदेश झालेल्या मुलांची संख्या व नावे.' मी तिथे स्वच्छ अक्षरात 'शून्य' लिहिले, आणि अभिमानाने वेगळे टिपण जोडले की गेल्या वर्षभरात यांपैकी एकाही मुलास पोलिसांनी धरलेले नाही.

पाच महिन्यांनी, जानेवारी १९५५ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा कार्यालयातून उत्तर आले. सातव्या रकान्यातील संख्या शून्य असल्यामुळे संस्थेस प्रस्तुत साहाय्याची आवश्यकता दिसून येत नाही.

मी ठाण्याला गेलो. साहेब तरुण होते, सौजन्याने वागले, खुर्चीही दिली.

"मुले गुन्ह्यापासून दूर राहावीत, हाच या योजनेचा उद्देश ना?" मी विचारले.

"अगदी बरोबर."

"ही मुले दूर राहिली आहेत."

"मग साहाय्य कशासाठी, भाऊसाहेब?"

"साहाय्य मिळाले नाही, तर ती दूर राहणार नाहीत."

"तसे झाले तर ती रीतसर आमच्याकडेच येतील," ते म्हणाले, आणि चहा मागवला. मी तो घेतला नाही. एका तरी मुलाकडे न्यायालयाचा आदेश असता तर मार्चअखेरपर्यंत फेरअर्ज करता आला असता, असे त्यांनी निरोप देताना सुचवले. त्यांच्या दृष्टीने ती मदतच होती.

आता माझी चूक सांगतो. आमच्या कचेरीत शिरस्ता असे, की कागद पक्षकारापुढे अक्षरशः वाचून दाखवायचा आणि खाली 'वाचून दाखविले, समजले' असा शेरा मारून त्याची सही अथवा अंगठा घ्यायचा. न वाचता कागद फायलीला लावणे हे मी पाप मानत आलो. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये उभा राहून ठाण्याचे पत्र पहिल्या शब्दापासून आवक क्रमांकापर्यंत वाचले, आणि साहेबांचे तोंडी उत्तरही जसेच्या तसे सांगितले. ठोकाठोक थांबली होती. अकरा मुले ऐकत होती. मुलांपुढे हे वाचू नये, एवढी साधी गोष्ट पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या पदवीधर माणसाला सुचली नाही.

"म्हणजे एक पोरगं चोर पायजे त्यांना," उत्तम म्हणाला. "आधी सांगायचं ना! आम्ही उगाच सुधारलो."

सगळे हसले. रतन हसला नाही, हे मला नंतर आठवले.

पुढच्या मंगळवारी रतनने सकाळी नेहमीप्रमाणे नऊ नंबरचा बिल्ला खिळ्याला लावला आणि तो बाहेर पडला. भर दुपारी यार्डात जाऊन त्याने पोतेभर कोळसा खांद्यावर घेतला आणि उघड्यावर उभा राहिला. कोणी पाहीना. अखेर तो स्वतःच चौकीत गेला. तिथल्या हवालदाराने मला पुढे त्याचे शब्द सांगितले: "मी कोळसा चोरलाय. मला कोर्टाचा कागद पायजे."

हवालदार भला होता. त्याने त्याला दोनदा हाकलले. तिसऱ्यांदा रतनने पोते त्याच्या टेबलावर ओतले.

बाल न्यायालयात मी आणि गुणाजी दोघेही उभे राहिलो. मी सर्व हकिकत क्रमाने निवेदन केली. न्यायाधीशांनी रतनला विचारले, की हे खरे का? त्याने माझ्याकडे पाहिले. खरे सांगितले तर सोडून देतील आणि कागद मिळणार नाही, हा हिशेब त्याने केला असावा. तो म्हणाला, "नाय साहेब. भाऊसाहेब मला वाचवायला बोलतात. मी नेहमी चोरतो." घरी बाप नाही, आई दिवसभर राखेत, असे पाहून त्याला तीन वर्षांसाठी लांबच्या जिल्ह्यातील सरकारी शाळेत पाठवण्याचा हुकूम झाला. हुकमाची नक्कल मी अर्ज करून मिळवली. शिक्का स्पष्ट उमटला होता.

फेरअर्जावर चालक म्हणून गुणाजींची सही हवी होती. त्यांनी टाक हातात घेतला आणि खाली ठेवला.

"ह्या पोराचं नाव ह्या रकान्यात? माझ्या हातनं? बिल्ल्यावर मी नाव पण टाकलं नाय, भाऊसाहेब. मागचं काय चिकटू नये म्हणून."

दारात गोदूबाई उभी होती. अंगावर राख तशीच. ती आत आली नाही. तिथूनच बोलली, "लिवा. पोरगं गेलं माझं त्या कागदापायी. आता लाजता व्हय? तवा वाचून दावताना न्हाई लाजला."

ते वाक्य माझ्यासाठी होते. गुणाजींनी सही केली.

फेरअर्ज मी टपालाने न पाठवता स्वतः ठाण्याला नेऊन दिला आणि पोच घेतली. मार्चच्या सव्वीस तारखेला उत्तर आले. सातव्या रकान्यात दर्शविलेला मुलगा सध्या शासकीय शाळेत असून संस्थेच्या हजेरीपटावर गैरहजर आहे. सबब तो संस्थेचा लाभार्थी मानता येत नाही. गैरहजेरीच्या त्या फुल्या मीच, माझ्याच आखलेल्या पटावर, एकही दिवस न चुकवता मारल्या होत्या.

एकतीस मार्चला शेड रिकामी झाली. पत्रा, कातऱ्या, हातोड्या एका हातगाडीत मावल्या. फळी गुणाजींनी स्वतः डोक्यावरून नेली, कोळसेवाडीतल्या आपल्या खोलीच्या ओट्यावर. त्या ओट्यावर चार मुले कशीबशी बसत. बाकीची सहा पांगली. फळीवर रतनचा बिल्ला मात्र त्या मंगळवारपासून तसाच होता. मी एकदा सुचवले की तो काढून ठेवावा, पटाशी विसंगत दिसतो.

"सुट्टी झाली नाय अजून त्याची," गुणाजी म्हणाले.

मी त्या तीन वर्षांत ठाण्याला एकोणीस स्मरणपत्रे पाठवली. सतरांची पोच आली. उत्तमने आंबिवलीकडे धंदा काढल्याचे मला याच काळात समजले. तो शेठसाठी चपटे डबे करतो. त्याच्या डब्यातून थेंब गळत नाही, असे एका पोलिसानेच मला कौतुकाने सांगितले. ती सांधण्याची कला त्याला कोणी शिकवली, हे मी त्यास सांगितले नाही.

फेब्रुवारी १९५८ मध्ये रतन परत आला. मिसरूड फुटले होते, उंची वाढली होती. मी ओट्यावरच होतो. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात जपून गुंडाळलेला कागद काढला.

"भाऊसाहेब, सुटल्याचा दाखला. शिक्का आहे, सही आहे. आणि आता मी हजर पण आहे. आता चालेल ना?"

मी त्याच दिवशी ठाण्याला लिहिले. या वेळी उत्तर विलक्षण तत्परतेने, बाराव्या दिवशी आले. ते मी ओट्याच्या कडेला उभे राहून वाचले. योजनेची मुदत मागील वर्षीच संपुष्टात आली होती.

"काय लिवलंय?" गुणाजींनी विचारले. रतनही माझ्याकडे पाहत होता.

आयुष्यात प्रथमच मी कागदाची घडी घातली आणि तो न वाचून दाखवता फायलीला लावला. म्हणालो, "वाचण्यासारखे काही नाही."

गुणाजींना समजले असावे. त्यांनी रतनला हाताने खूण केली, की कामाला बस. तीन वर्षे त्याला त्या शाळेत सतरंज्या विणायला लावले होते. त्याने डब्याचा पत्रा घेतला, तळ कापला, डाख तापवला. हात पूर्वीसारखा चालत नव्हता. तासाभराने त्याने बादली नळाखाली धरली, आणि पाणी तळातून सरळ खाली आले.

तो क्षणभर मान वर करून थांबला, कोणी काही म्हणेल म्हणून. ओट्यावर चाळण म्हणणारे कोणी नव्हते. मग त्याने बादली पालथी केली आणि तळ पुन्हा उकलायला घेतला.