मसुरातला पासपोर्ट

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. अमरावतीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या घरात मी वाढले. पंधरा वर्षांच्या ओळखीचा अडत्या असला तरी वडील काट्यावरची नजर हलवत नाहीत. आई तर कपाटाला कुलूपच लावत नाही, कारण कपाटात काही नसतंच. मळ्याचे कागद, तिची ठेवणीतली पोत, माझी दहावीची मार्कलिस्ट, सगळं तुरीच्या डाळीच्या डब्यात. वरणाला डाळ काढताना माझे गणिताचे मार्क हाताला लागायचे.

दोनेक वर्षांपूर्वी नोकरी सोडून, पाठीवर सॅक टाकून मी एकटीच दक्षिण अमेरिकेत हिंडत होते. तेव्हा इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात दोन रात्री थांबले. पेरूच्या सीमेकडे जाणारी बस तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती, म्हणून थांबले एवढंच. करडा समुद्र, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, अर्धी बंद दुकानं, आणि दारात खुर्च्या टाकून बसलेली माणसं. अमरावतीजवळच्या आमच्या चांदूर रेल्वे गावात परका माणूस उतरला तर चार जण पुढे होऊन विचारतात, कोणाकडे आले म्हणून. इथं कोणी काही विचारेना, नुसते बघत होते. मला ते अजिबात आवडलं नाही.

विचारलं ते घरमालकिणीनं. साठीची, ठेंगणी, एकटी राहणारी बाई. घरातली एक खोली ती प्रवाशांना द्यायची. माझं स्पॅनिश नमस्कार-पाण्यापुरतं, त्यामुळे ती माझ्या फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपशी बोलायची आणि फोन मला अदबीनं विचारायचा, "आपण एकट्या आहात का? आपले पती कुठे आहेत? आपल्याजवळ काय सामान आहे?" सामानाशी हिला काय करायचंय? मी ठोकून दिलं की नवरा परवा सकाळी येतोय. माझं लग्नच झालेलं नाही. पण परक्या गावात एकटीनं एक नवरा उभा करून ठेवावा, हे आम्हा मुलींना कोणी शिकवावं लागत नाही. मग तिनं वहीत नंबर लिहायला पासपोर्ट मागितला. मी झेरॉक्स पुढे केली, खरा बॅगेत फार खाली आहे म्हटलं. तिनं जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहिलं.

खोलीच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. मी आईला फोन लावला. इथं सकाळ होती, तिकडे संध्याकाळ झाली होती.

"दाराले कुलूप काहून नाई ठेवलं तिनं?" आई म्हणाली. "तू भरोसा नोको ठेवू. पासपोर्ट डायीत ठेव. चोर कपाट धुंडते, बॅग धुंडते. डायीत कोणी हात नाई घालत."

मला ते लगेच पटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून अख्खा मसूर आणला, मालकिणीकडूनच झाकणाचा एक रिकामा डबा मागून घेतला. तिला आनंद झाला, मी स्वयंपाक करणार म्हणून. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट मसुराच्या मधोमध खुपसून डबा तिच्या फळीवर, मला दिलेल्या कोपऱ्यात ठेवला. तो गेला तर बस गेली, सीमा गेली, आणि आपली वकिलात कुठल्या शहरात आहे हेसुद्धा मी शोधून ठेवलेलं नव्हतं.

दुसरा दिवस मी समुद्रावर काढला म्हणायला. खरं तर तासातासाला परत येऊन डबा हलवून बघत होते. पासपोर्ट आत असला की आवाज दबका येतो. एकदा वळले तर बाई दारात उभी. मी हसले. ती हसली नाही. झालं, हिचं लक्ष आहे डब्यावर, मी मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, सॅक बांधून स्वयंपाकघरात गेले तर फळीवर डबा नव्हता. तो टेबलावर होता, रिकामा. मसूर एका पांढऱ्या कापडावर पसरलेला, आणि बाई बोटानं तो सरकवत होती, आई खडे निवडते तसा दाणा दाणा बाजूला करत. तिच्या डाव्या हाताखाली माझा पासपोर्ट.

"माहा पासपोर्ट!" मी ओरडले. "काहून घेतला तुनं? चोट्टी कुठली!"

तिला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. ती आरडाओरडा न करता फोनसाठी हात पुढे करून थांबली. मग बोलली, आणि फोन त्याच अदबीनं म्हणाला, "आपले पती लांबून येणार म्हणून मी आपल्या डाळीतली थोडी घेतली. आपण हे अन्नात का लपवले? आपले पती कुठे आहेत?"

नवरा नाही, मी म्हटलं. आणखी काय लपवलंय, तिनं विचारलं. काही नाही. मग बॅग उघडा.

मला इतका संताप आला होता की मी सॅक जमिनीवर उलटीच केली. कपडे, औषधं, चपला, आणि आईनं देवघरातल्या अंगाऱ्याची बांधून दिलेली कागदाची पुडी. तिनं नेमकी तीच उचलली. हुंगली, बोटावर घासली. मी चिमूट घेऊन कपाळाला लावून दाखवली तेव्हा कुठे तिचे खांदे सैल झाले. मग ती फोनमध्ये हळू बोलली. "इथे लोक खाण्याच्या डब्यांत काय लपवतात ते मला माहीत आहे. एका पाहुण्याचा डबा सांभाळला म्हणून माझा मुलगा तुरुंगात आहे."

मला कुठं बघावं कळेना. दोन दिवस मी तिला चोर समजत होते आणि ती माझ्या डब्याला भीत होती, तरीही तिनं मला घराबाहेर काढलं नव्हतं.

तिनं पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. आणि एवढं ऐकूनही मी तो तिच्यासमोरच उघडला, एकेक पान उलटून पाहिलं, काही फाटलंय का म्हणून. हात आपोआपच चालले. तिनं ते पाहिलं. शेगडीवर मसूर शिजत होता, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तीन ताटं मांडलेली होती. ती उठली, एकात एक घालून तिन्ही ताटं उचलली आणि फळीवर ठेवून दिली.

आमच्याकडे शिजत असलेल्या घरातून पाहुण्याला उपाशी उठू देत नाहीत. हात धरून बसवतात. मला कोणी बसवलं नाही, आणि मी बसावं असं मी वागलेही नव्हते.

बस गावाबाहेर पडल्यावर आईचा फोन आला. पासपोर्ट जाग्यावर हाय ना, हे आधी. मग म्हणाली, "जेवून निघाली ना वं?"

"हो," मी म्हटलं. "तीन ताटं मांडली होती तिनं."