साडूंची डिफॉल्ट डिरेक्टरी

माणूस विसरणारच, या एका गोष्टीवर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी कुणाची देवावरही नसेल.

अंबडच्या एका कारखान्यातला जुना, कपाटाएवढा मेनफ्रेम संगणक ते सांभाळायचे. त्यावर नवं सॉफ्टवेअर चढवलं की एक काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत: डिफॉल्ट डिरेक्टरी ठरवण्याचं. म्हणजे फाइल कुठे ठेवायची हे कुणी सांगितलंच नाही, तर ती आपोआप जिथे जाईल ती जागा. इतर लोक हे काम चहा पिता पिता उरकतात. साडू त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जात. जागेचं नाव टाइप करून मोठ्याने वाचत, मग मुद्दाम एक बेवारस फाइल सोडून देत आणि ती तिथे पोचली की लेक सुखरूप सासरी पोचल्यासारखा सुस्कारा टाकत. एकदा नवी इंजिनियर मुलगी म्हणाली, "सर, त्यापेक्षा लोकांनाच शिस्त लावू ना."

"लावा की. तरी विसरतील. विसरणाऱ्यावर रागावून फाइल सापडत नाही."

गंगापूर रोडवरच्या घरातही हाच कारभार. दाराशी एक पितळी परात. हातातली वस्तू कुठे ठेवावी ते सुचलं नाही, तर ती परातीत. तिथे मी चष्मे पाहिलेत, कोथिंबिरीची जुडी पाहिली, एकदा तर इस्त्रीवाल्याची टोपी. आम्ही सगळे हसायचो. सर्वांत जास्त हसायच्या ताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण.

मग ताईच विसरू लागल्या. आधी गॅस बंद करायचा, मग नातवंडांची नावं, मग कधीकधी साडूही. साडूंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि ताई घराबाहेर पडल्या. साडूंचा फोन आला तसा मी स्कूटर काढून धावलो. मी म्हणालो, "आधी पोलिसांत जाऊ."

"आधी कोपऱ्यावरच्या रसवंतीवर," साडू मागे बसत म्हणाले. "तिथल्या बाकावर रोज नेतो तिला. काही सुचलं नाही तर इथे यायचं, असं सांगून ठेवलंय."

"अहो, त्यांना तुमचं नाव आठवत नाही. हे कसं आठवेल?"

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मी स्कूटर कोपऱ्याकडे वळवली.

ताई बाकावर बसल्या होत्या. पायांत दोन वेगळ्या चपला, खांद्यावरून घट्ट ओढलेला पदर.

"इथे कशा बसलात?" साडूंनी हळूच विचारलं.

"एक गृहस्थ आहेत. सुचलं नाही की इथे ये म्हणतात. फार चांगले आहेत हो."

"मी बसू का जरा?"

"बसा की," ताई सरकल्या. "पण ते आले की उठावं लागेल हं."

"बरं," साडू म्हणाले आणि चटकन उठता येईल असे, अगदी कडेला बसले.